पुराणांतल्या वंशावळी : वगळायच्या की अभ्यासायच्या?

पानगळ

भागवताचा नववा स्कंध, विष्णुपुराणाचा चौथा अंश, हरिवंशाची सुरुवात, महाभारताचं आदिपर्व. सगळीकडे एक टप्पा असा येतो की अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा ढमका, आणि वाचणारा पानं उलटायला लागतो. कथा तेवढी हवी असेल तर हे अध्याय गाळून काही अडतही नाही.

पण पुराणाची जी पाच लक्षणं सांगितली आहेत (सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरं, वंशानुचरित) त्यांतली दोन वंशांचीच आहेत. म्हणजे रचणाऱ्यांच्या लेखी हा भरणा नव्हता. तर प्रश्न असा की या याद्यांचा नेटाने अभ्यास केला तर हाती काय लागतं? आणि करायचाच तर कसा करायचा? श्रद्धा विरुद्ध इतिहास हा सामना कृपया नको, त्यासाठी वेगळे धागे ओसंडून वाहताहेत.

टिंबटिंब

पहिला नंबर. अभ्यास नंतर.

खडीसाखर

स्पष्टच लिहितो: फार काही लागत नाही. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, संपला विषय. रामाचीच वंशावळ घ्या. कालिदासामुळे सगळ्यांना दिलीप, रघू, अज, दशरथ, राम हा क्रम पाठ आहे, आणि पुराणंही थोड्याफार फरकाने तेच सांगतात. पण वाल्मीकि रामायणाच्या प्रचलित प्रतीत, बालकांडाच्या ७०व्या सर्गात, वसिष्ठ जी यादी म्हणतात तिच्यात दिलीपाचा मुलगा भगीरथ, त्याचा ककुत्स्थ, त्याचा रघू. रघूनंतर अज यायला डझनभर नावं जातात, आणि त्यांत नहुष आणि ययाती आहेत! हे दोघे चंद्रवंशातले, पुरूचे बाप-आजोबा. ते अयोध्येच्या गादीवर काय करताहेत?

रामाची वंशावळ खुद्द रामायणात धड नाही, तर बाकीच्यांवर वेळ कशाला घालवायचा?

मुळाक्षर

खडीसाखर, तुमचं निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. त्याच यादीत आणखी गंमत आहे. सुदर्शन, अग्निवर्ण, शीघ्रग, मरू, प्रशुश्रुक ही नावं रामायणात रामाच्या *आधी* येतात. पुराणांत हेच पाच जण, याच क्रमाने, रामाच्या बऱ्याच पिढ्यांनंतर कुशाच्या वंशात येतात. रघुवंशसुद्धा १९व्या सर्गात अग्निवर्णापाशी संपतो, म्हणजे कालिदासही त्याला रामानंतरच ठेवतो.

पाच नावांचा सलग तुकडा क्रम न मोडता एका जागेवरून दुसरीकडे गेला, याचा अर्थ नावं कुणी मनाने रचलेली नाहीत. तुकडे पाठ होते, ते जोडताना जागा चुकली. यादी खोटी असणं आणि यादीची शिवण चुकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवण कुठे चुकली हे सापडतं ते दोन याद्या शेजारी ठेवल्यावरच. एकच ग्रंथ वाचणाऱ्याला नहुषाचं नाव खटकेल फार तर, अग्निवर्णाचं खटकणारही नाही.

गोदाकाठ

+१ मुळाक्षर.

आणखी एक बघण्यासारखं म्हणजे यादी *कोण, कुणापुढे, कशासाठी* म्हणतं आहे. बालकांडात प्रसंग लग्नाचा आहे. वसिष्ठ वराकडचं कुळ सांगतात, आणि लगेच ७१व्या सर्गात जनक स्वतः उठून निमीपासून आपलं कुळ सांगतो. कन्यादानाच्या वेळी कुळ निःशेष सांगावं असं तो म्हणतो.

तीच इक्ष्वाकूंची यादी अयोध्याकांडाच्या ११०व्या सर्गात पुन्हा येते. तिथे लग्न नाही. जाबालीचं नास्तिक बोलणं ऐकून राम चिडला आहे, वसिष्ठ मध्ये पडतात आणि सगळी पिढीजात यादी म्हणून दाखवतात. कशासाठी? इक्ष्वाकूंमध्ये थोरला मुलगाच राजा होतो, हे सिद्ध करायला. म्हणजे नावं तीच, एकदा सोयरिकीचा पुरावा, एकदा वारसाहक्काचा दाखला. हे ध्यानात आलं की वंशावळ वाचायची पद्धतच बदलते.

टिंबटिंब

थोडक्यात जात पडताळणीच्या शपथपत्रावरची वंशावळ आणि पत्रिका जुळवतानाची वंशावळ. तेव्हाही दोन प्रती लागत होत्या म्हणायच्या.

अर्धविराम

टिंबटिंब :)) साक्षांकित प्रत वसिष्ठांकडून.

शमीपत्र

पानगळ यांचा 'कसा करायचा' हा अर्धा प्रश्न अजून कुणी घेतलेला नाही, म्हणून लिहिते. सबंध सूर्यवंश घेऊन बसू नका. सुरुवातीला एक छोटा तुकडा पुरे. माझी शिफारस आदिपर्वाची.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक (हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीत आदिपर्वाचे ८९ आणि ९० हे लागोपाठचे अध्याय काढा. दोन्हींत पूरूचा वंश आहे. ८९वा पद्यात, ९०वा गद्यात. पहिल्यात पूरूची बायको पौष्टी आणि मुलगे प्रवीर, ईश्वर, रौद्राश्व. दुसऱ्यात पूरूची बायको कौसल्या आणि मुलगा जनमेजय. एकाच ग्रंथात, एकाच निवेदकाच्या तोंडी, पान उलटलं की वेगळी यादी. संपादकांनी दोन्ही ठेवल्या, कारण हस्तलिखितांत दोन्ही आहेत.

आता वहीत आडवे रकाने आखा:

१. नाव, जसं छापलंय तसं. 'शुद्ध' करू नका.
२. आधीच्याशी नातं कुठल्या शब्दाने जोडलंय: पुत्र, आत्मज, दायाद, भाऊ, की नुसतं 'त्याच्यानंतर'.
३. आईचं नाव आणि तिचं माहेर, दिलं असेल तर.
४. नावाला चिकटलेली एखादी गोष्ट: यज्ञ, शाप, वसवलेलं शहर.
५. अध्याय आणि श्लोक.

दुसरा रकाना सगळ्यांत जास्त टाळला जातो आणि तोच सगळ्यांत जास्त घात करतो. दायाद म्हणजे वारस, आणि वारस म्हणजे मुलगाच असं नाही. पुतण्या, भाऊ, नातू कुणीही चालतो. सगळ्यांना 'मुलगा' करून टाकलं की पिढ्या फुगतात आणि पुढचं सगळं गणित वाकडं जातं.

तिसऱ्या रकान्यासाठी ९०वा अध्याय सोनं आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक राजाची राणी कुठल्या घराण्यातली ते सांगितलंय. पद्य यादीत याचं प्रमाण फारच कमी.

पानगळ

शमीपत्र, हे अगदी हवं होतं. एक शंका. नावं शुद्ध का करायची नाहीत? बृहदश्व आणि बृहदक्ष एकच असणार हे उघड असलं तरी?

शमीपत्र

उघड असलं तरी. कारण अपभ्रंशाच्या खुणाच सांगतात की कुठली पोथी कुठल्या पोथीवरून आली. सातवाहनांचा पहिला राजा मत्स्यपुराणात शिशुक आहे, वायुपुराणात सिंधुक, विष्णुपुराणात शिप्रक. यांतलं कुठलं 'बरोबर' हे नुसत्या पोथ्यांवरून ठरलं नसतं. नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेलं नाव आहे सिमुक. आता तीनही रूपं त्याच्यापासून कशी निघाली असतील ते बघता येतं. आधीच शुद्ध करून ठेवली असती तर?

सरळ नावांचा एक वेगळा रकाना शेवटी जोडा हवं तर. मूळ रकान्यावर खोडरबर नको.

गोदाकाठ

नाणेघाटाचा विषय निघालाच आहे तर तिथेच थांबू जरा, कारण पुराणांची यादी तपासून बघण्याची इतकी चांगली जागा दुसरी नाही.

पुराणं म्हणतात: पहिला सिमुक (कुठल्याही रूपात), मग त्याचा *भाऊ* कृष्ण, मग सातकर्णी. नाणेघाटात सिमुक, सातकर्णी आणि राणी नागनिका आहेत. मधला कृष्ण तिथे नाही. पण नाशिकच्या पांडवलेण्यात एक जुना छोटा लेख आहे, त्यात सातवाहन कुळातला राजा 'कण्ह' (कृष्णाचं प्राकृत रूप) याचा उल्लेख आहे. म्हणजे तीन नावांपुरतं पुराण आणि दगड यांचं जमतं, आणि भाऊ गादीवर आला हा बारकावाही पुराणांनी जपला.

आता न जमणारी बाजू. मत्स्यपुराण पुढच्या गौतमीपुत्र या सातवाहन राजाला २१ वर्षं देतं, नाशिकच्या लेखात त्याचं २४वं राज्यवर्ष आहे. विष्णुपुराण आणि भागवत म्हणतात की एकूण ३० राजे आणि ४५६ वर्षं. पण त्याच अध्यायांत प्रत्यक्ष दिलेली नावं मोजली तर ३० भरत नाहीत. बेरीज एका परंपरेतून आली आणि नावं दुसऱ्या, झिजलेल्या परंपरेतून.

म्हणून एक नियम बांधून घ्यावा: एकूण आकडा, राजांची संख्या आणि सुटी वर्षं, तिन्ही वेगवेगळी नोंदवायची. एकावरून दुसरं काढायचं नाही.

खडीसाखर

ठीक आहे, सातवाहन मान्य. ते ऐतिहासिकच आहेत, लेख आहेत, नाणी आहेत. माझा आक्षेप त्यामागच्या भागाला आहे. जिथे ताडून बघायला दगड नाही तिथे काय करणार?

मुळाक्षर

तिथे ऋग्वेद आहे. पुराणांचा हेतू ज्याच्यामागे नाही असा ग्रंथ, वंश सांगण्यासाठी रचलेला नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून चांगला.

उत्तर पांचालांची पुराणातली यादी बघा: मुद्गल, मग वध्र्यश्व, दिवोदास, पुढे सुदास, सहदेव, सोमक. ऋग्वेद ६.६१ मध्ये सरस्वतीने वध्र्यश्वाला दिवोदास दिला असं म्हटलंय. ७.१८ मध्ये सुदास आणि दिवोदासाचा संबंध आहे. ४.१५ मध्ये सोमक साहदेव्य, म्हणजे सहदेवाचा मुलगा सोमक. तीन वेगवेगळ्या मंडलांतले सुटे उल्लेख पुराणातल्या क्रमात नीट बसतात.

पण सुदास ऋग्वेदात 'पैजवन' आहे, पिजवनाचा. पुराणांत त्या जागी च्यवन वगैरे नाव येतं. इथे मात्र पिजवन आणि च्यवन एकच असं घाईने लिहून टाकू नये. शक्यता म्हणून टीप द्यावी, पुढे जावं.

आणि पाच भाऊ: यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू, पूरू. पुराणांत ते ययातीचे मुलगे, पहिले दोन देवयानीचे, उरलेले शर्मिष्ठेचे. ऋग्वेद १.१०८.८ मध्ये ही पाचही नावं एका ओळीत येतात, पण लोकसमूह म्हणून. तिथे ना देवयानी ना शर्मिष्ठा. पाच शेजारी टोळ्यांचं नातं सांगायचं तर त्यांना एका बापाची पोरं करणं ही वंशावळीची जुनी रीत आहे. अशा वेळी 'ययातीला खरंच पाच मुलगे होते का' यापेक्षा 'कुणाला सख्खं आणि कुणाला सावत्र ठरवलं, आणि थोरल्या यदूला डावलून धाकट्या पूरूला गादी का दिली' हे विचारलं तर जास्त मिळतं.

अनुस्वार

मुळाक्षर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत, आणि हे फक्त आपल्याकडे नाही. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात याकोबाचे बारा मुलगे म्हणजे इस्राएलाचे बारा वंश, आणि ते चार आयांमध्ये वाटलेले. लेआ आणि राहेल या बायका, बिल्हा आणि जिल्पा या दासी. कुठला वंश कुठल्या आईच्या पदरात, यावरून मान ठरतो.

टिंबटिंब

धाग्याने समुद्र ओलांडला. शतकाकडे वाटचाल.

अनुस्वार

ओलांडू द्या, कारण तिथे वंशावळींचा अभ्यास फार बारकाईने झाला आहे आणि त्यातल्या युक्त्या आपल्याला वापरता येतात. तीन नमुने देतो.

गाळलेली नावं. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात अब्राहाम ते ख्रिस्त अशी चौदा-चौदा पिढ्यांची तीन दळं आहेत. हे चौदा जमवण्यासाठी योरामानंतर एकदम उज्जीया आणला आहे. १ इतिहास ३ मध्ये त्या दोघांच्या मध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या असे तीन राजे आहेत. ते विसरले गेले असं म्हणवत नाही, यहुदी वाचकाला ते माहीतच होते. एवढं करूनही तिसऱ्या दळात नवी नावं तेराच भरतात, त्यावर टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. एज्रा ७ मध्येही एज्राच्या स्वतःच्या वंशावळीत १ इतिहास ६ च्या तुलनेत सलग सहा नावं नाहीत. तेव्हा 'जन्म दिला' असं वाक्य असलं तरी मधल्या पिढ्या गाळलेल्या असू शकतात.

बदललेले आकडे. उत्पत्ती ५ मध्ये आदाम ते नोहा दहा पिढ्या. हिब्रू पाठात आदामाच्या निर्मितीपासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं होतात, शोमरोनी (समॅरिटन) पाठात १३०७, सेप्टुअजिंट या जुन्या ग्रीक भाषांतरात २२४२ किंवा पाठभेदाने २२६२. फरक आला कसा ते बघा. हिब्रूत आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला, पुढे तो ८०० वर्षं जगला. ग्रीकमध्ये २३० आणि ७००. एकूण दोन्हीकडे ९३०. शंभर इकडचे तिकडे केले, आयुष्याची बेरीज शाबूत ठेवली. अशी दुरुस्ती हात निसटून होत नाही, हिशेब करून केलेली आहे. ग्रीक पाठाच्या काही प्रतींत मात्र हिशेब फसला आहे आणि नोहाचा आजोबा मथुशलह जलप्रलयानंतरही १४ वर्षं जगतो, तारवात न बसता.

आणि बायका. मत्तयाच्या यादीत मरीयेच्या आधी चारच स्त्रिया आहेत: तामार, राहाब, रूथ आणि 'उरीयाची बायको'. सारा नाही, रिबका नाही. चौघींच्याही कथा रूढ चौकटीबाहेरच्या. यादीत जिथे रीत मोडून एखादं नाव आलंय तिथे रचणाऱ्याला काही म्हणायचं असतं.

अर्धविराम

मथुशलह पोहत असणार.

खडीसाखर

अनुस्वार, मग त्याच बायबलच्या नव्या करारात 'अनंत वंशावळींच्या नादी लागू नका' असंही म्हटलंय, १ तीमथ्य १:४. तीताला लिहिलेल्या पत्रातही तेच. माझ्या बाजूने एक तरी साक्षीदार मिळाला.

अनुस्वार

मिळाला, पण तो वादासाठी वंशावळी वापरणाऱ्यांना उद्देशून बोलतोय. आणि उलट बाजूही आहे. एज्रा २ मध्ये बाबेलहून परतलेल्या काही याजक घराण्यांना आपली नोंद वंशावळीत सापडली नाही म्हणून याजकपणातून बाजूला काढलं. गणना २७ मध्ये सलाफहादच्या मुली वंशातल्या आपल्या जागेच्या जोरावर जमिनीचा वाटा मागतात आणि तो मिळवतात. तिथे वंशावळ हा रिकामटेकडा वाद नव्हता, पोटाचा आणि जमिनीचा प्रश्न होता.

वातीचा उजेड

सगळे जन्माच्या वंशाबद्दल बोलताहेत. विद्येचा वंश राहिला.

बृहदारण्यक उपनिषदात दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अध्यायाच्या शेवटी 'अथ वंशः' करून गुरु-शिष्यांच्या याद्या आहेत. पहिल्या दोन पित्याच्या किंवा गोत्राच्या नावांनी चालतात, पौतिमाष्य, गौपवन, कौशिक अशा. सहाव्या अध्यायातली यादी मात्र बहुतांश आईच्या नावांनी आहे: पौतिमाषीपुत्र हा कात्यायनीपुत्राकडून शिकला, कात्यायनीपुत्र गौतमीपुत्राकडून, गौतमीपुत्र भारद्वाजीपुत्राकडून. कारणं अनेकांनी अनेक सुचवली आहेत. सगळ्यांत साधं म्हणजे, जिथे एकाच गोत्राचे अनेक आचार्य आहेत तिथे गोत्रनामाने माणूस ओळखता येत नाही, आईच्या कुळाने येतो.

नक्कल करताना काय घडतं त्याचाही नमुना इथेच मिळतो. दुसऱ्या अध्यायातली यादी 'पौतिमाष्य गौपवनाकडून, गौपवन पौतिमाष्याकडून, पौतिमाष्य गौपवनाकडून' अशी सुरू होते. तीच दोन नावं आलटून पालटून. लिहिणाऱ्याची नजर एका गौपवनावरून दुसऱ्यावर घसरली की दोन पिढ्या गायब, आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही कारण वाक्य बरोबरच दिसतं. पुराणातल्या याद्या लहान होण्यामागे हेही एक कारण धरायला हवं, दरवेळी हेतू शोधू नये.

गोदाकाठ

वातीचा उजेड, फार चांगली भर. याला जोडून जैन परंपरा. कल्पसूत्राचा मधला भाग म्हणजे स्थविरावली, आचार्यांची परंपरा आणि त्यांतून फुटलेले गण, कुळं, शाखा. वाचायला रुक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मथुरेच्या कंकाली टीला इथे कुषाणकाळातले मूर्तिलेख निघाले आणि ब्यूलर या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की त्यांतली गण-कुळ-शाखांची नावं स्थविरावलीशी जुळतात. दात्यांनी मूर्तीखाली आपल्या गुरूचा गण आणि शाखा कोरून ठेवली होती. खडीसाखर, दगड नसताना काय करायचं असं विचारलंत. कधीकधी दगड नंतर सापडतो, तोवर यादी न बिघडवता ठेवायची.

खडीसाखर

हे मला माहीत नव्हतं. मान्य. पण मग काळ ठरवण्याचं काय? वंशावळीवरून रामायणाचं साल काढणारे लेख रोज फिरत असतात. तेवढं तरी चूक म्हणाल की नाही?

मुळाक्षर

म्हणणार. आणि का ते आकड्यांतच सांगतो.

परीक्षिताच्या जन्मापासून नंदाच्या राज्याभिषेकापर्यंत किती वर्षं? विष्णुपुराणाच्या प्रचलित पाठात १०१५. मत्स्य आणि वायूमध्ये १०५०. भागवतात १११५. काही पोथ्यांत १५००. संस्कृतात पंचदश, पंचाशत् आणि पंचशत यांत एखाद्या अक्षराचा फरक, छंद सगळ्यांनी सांभाळला जातो, त्यामुळे चूक ऐकूही येत नाही.

बरं, भागवताचीच मगधाच्या घराण्यांची सुटी वर्षं मिळवली तर बार्हद्रथ १०००, प्रद्योत १३८, शिशुनाग ३६०, एकूण १४९८. म्हणजे भागवताचा एकूण आकडा भागवताच्या बेरजेशी जुळत नाही. श्रीधरस्वामींनी भागवतावरच्या आपल्या जुन्या टीकेत ही विसंगती दाखवली आहे, आजच्या कुणा अभ्यासकाने काढलेली खोड नव्हे ती.

पुढची अडचण मोठी आहे. प्रद्योत अवंतीचे, म्हणजे उज्जयिनीचे. ते मगधाच्या गादीवर शिशुनागांच्या आधी बसलेच नाहीत, समकालीन होते. पुराणांनी शेजारी चाललेल्या दोन घराण्यांना एकामागे एक उभं केलं. हाच प्रकार इक्ष्वाकूंच्या भविष्य-यादीत (पुढे होणारे राजे म्हणून पुराणं जी सांगतात तिच्यात): शाक्य, शुद्धोदन, सिद्धार्थ, राहुल आणि मग प्रसेनजित. कपिलवस्तूचं घराणं कोसलाच्या यादीत ओवलं गेलं. गौतम बुद्ध राजा झाला नाही, राहुल भिक्षू झाला, आणि प्रसेनजित बुद्धाच्याच काळातला. पिढ्या गुणिले वीस किंवा पंचवीस असा हिशेब करणारा माणूस इथे सरळ तीन-चार पिढ्या जास्त मोजतो.

शमीपत्र

यात भर. दोन वंश लांबीलाही सारखे नाहीत. मनूपासून भारतीय युद्धापर्यंत इक्ष्वाकूंची नावं नव्वदीच्या घरात जातात, पौरवांची त्याच्या निम्म्याला थोडी वर. दोन्ही घराणी एकाच मनूपासून निघून एकाच युद्धात भेटतात: बृहद्बल हा अयोध्येचा राजा अभिमन्यूच्या हातून पडतो. भागवतात तर शुकमुनी समोर बसलेल्या परीक्षिताला सांगतात की तुझ्या वडिलांनी त्याला मारलं. तेव्हा छोट्या यादीत रिकाम्या जागा आहेत हे उघड.

पार्गिटर या इंग्रज अभ्यासकाने पुराणांतल्या वंशावळींवरच्या १९२२च्या ग्रंथात यासाठी तक्ता केला. उभ्या रकान्यांत घराणी, आडव्या ओळींत पिढ्या, आणि ओळी पक्क्या करायला समकालीन जोड्या: कुणाचं कुणाशी लग्न झालं, कोण कुणाच्या यज्ञाला होता, कुणी कुणाला हरवलं. राम ६५व्या ओळीत येतो तो असा. पद्धत आजही उपयोगी आहे. घात होतो तो सारख्या नावांत. भरत तीन आहेत, दौष्यंती, दाशरथी आणि ऋषभाचा मुलगा. जनक हे एका माणसाचं नाव नसून मिथिलेच्या घराण्याचं आहे. आणि वसिष्ठ, विश्वामित्र हे गोत्रनाम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या येतात. हरिश्चंद्राचा वसिष्ठ आणि दशरथाचा वसिष्ठ एकच धरून जोडी लावली तर अख्खा तक्ता वीस-तीस ओळी सरकतो.

जोडी लावताना निदान दोन राजे नावानिशी लागतात. ऋषीच्या नावावर जोडी नको.

टिंबटिंब

म्हणजे वसिष्ठांची साक्षांकित प्रतही बाद?

शमीपत्र

शिक्का चालेल, सही कुणाची ते बघा.

चाफेकळी

वाचनमात्र होते इतका वेळ. सगळी चर्चा इतिहासाची चालली आहे, पण पानगळ यांनी भक्तीचाही प्रश्न गृहीत धरला असावा. नववा स्कंध कथेत सांगताना कीर्तनकार यादी पूर्ण म्हणत नाहीत, अंबरीष, सगर-भगीरथ, रंतिदेव अशा मुक्कामांवर थांबतात. भागवतालाही तेच अपेक्षित आहे असं दिसतं. ९.१.७ मध्ये शुकमुनी म्हणतात की मनूचा वंश विस्ताराने सांगायला शेकडो वर्षंही पुरणार नाहीत, मुख्य मुख्य ऐक. म्हणजे ही निवडलेली यादी आहे हे ग्रंथ स्वतःच कबूल करतो. मग भाविकाने निवडीकडे बघावं. कुणाला एक श्लोक, कुणाला दोन अध्याय? अंबरीषाला जेवढी जागा मिळाली तेवढी कितीतरी दिग्विजयी राजांना मिळालेली नाही.

मुळाक्षर

चाफेकळी, हा मुद्दा इतिहासाच्या बाजूनेही तितकाच कामाचा आहे. नावामागे किती श्लोक खर्च झाले याचा एक रकाना शमीपत्र यांच्या तक्त्यात वाढवावा. वेगवेगळ्या पुराणांत तो भरला की कुठल्या पुराणाचा कल कुठे ते लगेच दिसतं.

पानगळ

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत. आदिपर्व ८९-९० पासून सुरुवात करायची, सहा रकाने आखायचे, इतकं ठरलं. शेवटची शंका: विष्णुपुराणाचा चौथा अंश आणि भागवताचा नववा स्कंध यांत दोन्ही एकदम घ्यावेत की एकामागून एक?

शमीपत्र

आधी विष्णुपुराण. चौथा अंश बहुतांश गद्यात आहे, त्यामुळे छंदासाठी नावं ओढलेली-ताणलेली कमी आणि नातं सांगणारा शब्द सहसा स्पष्ट. भागवत नंतर, त्याच तक्त्यात वेगळ्या शाईने. निमीच्या वंशापासून सुरू करा. जनकाने स्वतः सांगितलेली रामायणातली यादी तिसरी प्रत म्हणून हाताशी आहे, आणि इक्ष्वाकूंच्या मानाने तिच्यात गोंधळ कमी आहे.

खडीसाखर

निमीचा तक्ता झाला की इथेच टाका. सीरध्वजापर्यंत, म्हणजे सीतेच्या बापापर्यंत, तिन्हींत नावं किती जुळतात ते मोजायला मी आहे.